पाण्याचा पंप की डिस्ट्रिब्युटर? अमळनेरच्या एमजीबीचं प्रकरण

गाडी १९६६ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. उजव्या हाताचं स्टिअरिंग, १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, तारांची चाकं. मालक अमळनेरचे, कापसाच्या व्यापारातले. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, म्हणून आम्हीही आप्पाच म्हणतो. काकांनी मुंबईहून आणलेली ही गाडी आप्पांनी विकली नाही आणि शोभेला झाकूनही ठेवली नाही. आठवड्यातून एकदा ती रस्त्यावर निघतेच. लग्नाच्या वरातीला मात्र ते देत नाहीत, आणि ते बरंच आहे. वरातीच्या चालीने तासभर रांगणं कुठल्याच जुन्या इंजिनाला मानवत नाही.

गाडी आमच्याकडे आली ती टेम्पोत बांधून. मे महिन्यात चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना तिने आधी मिसिंग मारायला (मध्येच एखाद्या सिलिंडरचा फटका चुकवायला) सुरुवात केली, मग काटा लाल भागाकडे सरकला आणि तिसऱ्या वळणाच्या पुढे बॉनेटखालून वाफ निघाली. आप्पांची तक्रार एका वाक्यात होती: "गाडी तापते, आणि तापली की करंट मारत नाही."

या वाक्यात निदान आधीच दडलेलं होतं, आणि तेच तपासायचं होतं. तापल्यामुळे करंट (प्लगवरची ठिणगी) जातो, असं मालक म्हणतो. उलटंही असू शकतं: करंट उशिरा पडतो म्हणून इंजिन तापतं. किंवा दोन्ही बिघाड स्वतंत्र असतील आणि घाटात एकाच वेळी उघडे पडले असतील. आमच्याआधी दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. एका मिस्त्रीने पेट्रोल उकळतंय असं सांगून पाइपला ओलं फडकं गुंडाळायला लावलं. दुसऱ्याने नवी कॉइल, नवे प्लग आणि नवा कंडेन्सर टाकला, आणि थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकून दिला. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढायचा हा आपल्या जळगाव-भुसावळ पट्ट्यातला जुना रिवाज. ४५ अंशांच्या उन्हात तो पटतोही. पण इथे थर्मोस्टॅट नसतानाही गाडी उकळली, म्हणजे अडचण तिथे नव्हती एवढं तरी फुकटात कळलं.

इंजिन ओळखीचं निघतं

अशी गाडी समोर आली की खानदेशातला मिस्त्री आधी हात मागे घेतो. विलायती स्पोर्ट्स कार, हिचं सामान कुठे मिळणार? प्रत्यक्षात हे इंजिन आपल्या ओळखीचं आहे. बीएमसी कंपनीच्या ज्या बी-सिरीज घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन हिंदुस्तान अॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं आलं, त्याच घराण्यातलं हे थोरलं भावंड. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, तीच: १-३-४-२. डाव्या बाजूला कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड, उजव्या बाजूला डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा) आणि डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला वेळेवर करंट वाटणारा). धुळ्याला आग्रा रोडवर ज्यांनी आयुष्यभर सरकारी अॅम्बेसेडर उघडल्या, त्यांच्यापैकी एका चाचांना आम्ही मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावून चहा मागवला, म्हणजे त्यांची भीती गेली होती.

पण भावंडं म्हणजे जुळी नव्हेत. एमजीबीच्याच वेगवेगळ्या सालांच्या पाण्याच्या पंपांची नाकं, म्हणजे पुली बसते तो पुढचा भाग, वेगवेगळ्या लांबीची आहेत. डिस्ट्रिब्युटरची बाहेरची बांधणी सारखी दिसली तरी आतल्या स्प्रिंगा आणि वजनं त्या त्या इंजिनाप्रमाणे निवडलेली असतात. "बसतंय ना, मग झालं" हे तत्त्व इथे महागात पडतं.

थंड इंजिनावरची तपासणी

इंजिन सुरू करण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं. आकडे एकमेकांच्या जवळ आले, तेलात पाणी नाही, रेडिएटरच्या तोंडाशी तेलाचा तवंग नाही. हेड गॅस्केट शाबूत होतं. इतकी उकळल्यावर ते वाचलं, यात काकांच्या काळातल्या ओतीव लोखंडी हेडचा वाटा मोठा.

मग पंखा. या गाडीत पंखा थेट पाण्याच्या पंपाच्या दांड्यावर असतो. पात्याची दोन टोकं धरून पुढे-मागे हलवलं तर खटखट जाणवली, म्हणजे बेअरिंग गेलेलं. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गळायला लागलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याआधी तिथून बाहेर पडावं म्हणून ते ठेवलेलं असतं. त्या भोकाखाली पांढरा ओघळ वाळला होता. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरलं की असा ओघळ उमटतो. तापीकाठच्या बोअरच्या पाण्यातला चुना आपल्याकडे घराघरातल्या गिझरला माहीत आहे. अधिक महत्त्वाचं म्हणजे तसेच पांढरे शिंतोडे डायनॅमोच्या पाठीवर आणि त्यामागच्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवरही होते. गळणारं पाणी पुली आणि पट्टा मागे भिरकावत होते.

कॅप काढली. आतून ३ आणि ४ नंबरच्या टोकांमध्ये कोळशाची बारीक रेघ उठली होती. फायरिंग ऑर्डरप्रमाणे ही दोन टोकं कॅपवर शेजारी येतात, त्यामुळे एकाचा करंट दुसऱ्याकडे पळायला ही वाट पुरते. इथवर पाहून कुणीही म्हणेल की पंप गळला, कॅप भिजली, करंट मेला, विषय संपला. आमच्या पोरांनीही तेच म्हटलं आणि नवी कॅप आणायला कुणीतरी मोटारसायकल काढली.

त्याला थांबवलं. पट्टा काढला, कॅप आणि वायरी वाळवून तात्पुरती दुसरी जुनी कॅप लावली आणि थंड इंजिन अगदी थोडा वेळ चालवलं. पट्टा नाही म्हणजे पंप फिरत नाही, पाणी उडत नाही. इंजिन थंड म्हणजे उष्णतेचा प्रश्न नाही. अशा स्थितीत डिस्ट्रिब्युटर नीट चालला तर दोष पंपाचा. चालला नाही तर तो स्वतःच आजारी.

तो स्वतःच आजारी होता. यातला डिस्ट्रिब्युटर लुकास २५डी४ जातीचा, अंगावर ४०८९७ हा नंबर, म्हणजे त्या काळच्या एमजीबीचा मूळचाच. याचा ड्वेल, म्हणजे पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) बंद राहण्याचा कोन, ६० अंश असायला हवा, तीन अंश इकडे-तिकडे. मीटरचा काटा पन्नाशीच्या आतबाहेर आणि पासष्टीच्या पुढेमागे झुलत होता. रेस दिली की आणखी झुलायचा. दांडा बुशात हलतो तेव्हाच असं होतं: पॉइंटची गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते. टायमिंग लाइट मारला तर खूण एका जागी न राहता दुहेरी दिसायची. शिवाय इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांपर्यंत नेलं तरी खूण जेमतेम सरकली. वेग वाढेल तसा स्पार्क आधी पडावा यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन वजनं असतात. ती गंजून जागच्या जागी चिकटली होती. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून पाहिली तर हवा सरळ आत येत होती, म्हणजे पडदाही फाटलेला.

आता घाटातली गोष्ट उलगडते. चढावर इंजिन वेगात आणि पूर्ण ओझ्याखाली, पण स्पार्क मात्र रेंगाळणाऱ्या इंजिनासारखा उशिरा. पेट्रोल वेळेवर जळून पिस्टनला ढकलण्याऐवजी उशिरापर्यंत जळत राहतं, आणि ती उष्णता कामाला न येता एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवतीच्या पाण्यात उतरते. ते पाणी फिरवायचं कुणी? ज्याच्या पंख्याला खटखट आहे आणि ज्याच्या आतल्या पात्या, नंतर उघडल्यावर दिसलं, निम्म्याहून जास्त झिजल्या आहेत, त्या पंपाने. डिस्ट्रिब्युटर उष्णता वाढवत होता आणि पंप ती वाहून नेत नव्हता. वरून पंप डिस्ट्रिब्युटरवर पाणी शिंपडत होता. दोन्ही बिघाड स्वतंत्र, पण दोघांनी एकमेकांना हात दिला.

कॉइलची उलटी जोडणी

एक छोटी गोष्ट मध्येच सांगायला हवी. १९६७च्या आधीच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ. आजचे मिस्त्री निगेटिव्ह अर्थवर वाढलेले. नवी कॉइल बसवताना आधीच्या ठिकाणी नेहमीच्या सवयीने तिचं धन टोक स्विचकडे आणि ऋण टोक डिस्ट्रिब्युटरकडे दिलेलं होतं. या गाडीत नेमकं उलट हवं. उलट्या जोडणीने गाडी बंद पडत नाही, म्हणून चूक लपून राहते. पण प्लगवर ठिणगी उलट दिशेने पडते, तिला जास्त व्होल्ट लागतात आणि गरम, ओझ्याखालच्या इंजिनात ती आधी दगा देते. दोन वायरींची अदलाबदल, खर्च शून्य.

याच कारणासाठी आप्पांच्या पुतण्याने सुचवलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन आम्ही थांबवलं. पॉइंटच्या जागी बसणारी ही छोटी किट चांगली असतात, पण पॉझिटिव्ह अर्थची वेगळी आणि निगेटिव्हची वेगळी. चुकीची लावली तर स्विच फिरवताक्षणी जळते. आणि हलणाऱ्या दांड्यावर, चिकटलेल्या वजनांवर किट बसवून मूळ दोष जात नाही.

पट्ट्याचा गुन्हा

पंपाचं बेअरिंग का गेलं, हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता. जुनी गाडी आहे, जाणारच. चाचांनी मात्र काढून ठेवलेला पट्टा हातात घेतला, त्याच्या चकाकत्या कडा पाहिल्या, डायनॅमो कमान-पट्टीच्या शेवटच्या टोकापर्यंत ओढलेला पाहिला आणि अहिराणीत निकाल दिला: "पंपना नई, हाऊ पट्टाना गुन्हा शे, भाऊ."

या इंजिनात एकच पट्टा क्रँकपुली, पंप आणि डायनॅमो या तिघांना फिरवतो. लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच, १३ मिमी, दबायला हवा. आप्पांच्या ड्रायव्हरला विचारलं तेव्हा कळलं की हा पट्टा सतारीच्या तारेसारखा ठेवलेला असायचा. का? रात्री चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटत राहायचा. पट्टा ताणला की तो विझल्यासारखा वाटायचा. आणि लाल दिवा का पेटायचा? आप्पांनी हेडलाइटला शंभर वॅटचे दोन बल्ब घातले होते. पारोळ्याच्या रस्त्याला रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय चालतात, त्यामुळे त्यांचा नाइलाज समजतो.

हिशेब करून पाहिला. दोन शंभर वॅटचे बल्ब बारा व्होल्टवर सुमारे १७ अँपिअर ओढतात. बाकीचे दिवे, इग्निशन आणि हॉर्न वेगळे. या गाडीतला लुकास सी४० डायनॅमो पूर्ण वेगातही सुमारे २२ अँपिअरच देतो, आणि गावातल्या चालीत त्याहून बराच कमी. पट्टा कितीही ताणला तरी जे डायनॅमोत नाही ते कुठून येणार? ताणाचा सगळा भार पंपाच्या पुढच्या बेअरिंगवर गेला. बेअरिंग हललं, दांडा डगमगला, सील गळलं. बल्बपासून पंपापर्यंतची ही साखळी न तोडता नवा पंप बसवला असता, तर तोही याच वाटेने गेला असता. म्हणून सामानाच्या यादीत सगळ्यात वर पंप नव्हता. मूळ वॅटचे बल्ब आणि त्यांच्यासाठी रिले होता. सीटांमागे बसणाऱ्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक मरायला टेकली होती, तीही बदलली. लाल दिवा पेटण्यात तिचाही हात होता.

डिस्ट्रिब्युटरचं कारण मात्र साधं होतं: तेल. दर पाच हजार किलोमीटरला रोटर (कॅपखालचा फिरता तुकडा) काढून त्याखालच्या स्क्रूवर दोन-तीन थेंब, वजनांकडे दोन थेंब आणि कॅमवर ग्रीसचा पुसट हात, एवढीच त्याची मागणी असते. काकांच्या पश्चात ती कुणी पुरवली नाही. हे काम कुठल्याही बिलात दिसत नाही, म्हणून ते आधी सुटतं.

काय बदललं, काय नाही

पंपात नवं बेअरिंग आणि सील दाबून घ्यावं, हा आपल्याकडचा पहिला विचार. जळगावला अजिंठा चौफुलीच्या आसपास ते करून देणारे चांगले हात आहेत. पण सील ज्या तोंडावर घासतं ते बोअरच्या पाण्याने खड्डे पडून खराब झालं होतं, आणि पात्यांची झिज भरून निघत नाही. इंग्लंडहून नवा पंप मागवला. एमजीबी १९६२ ते १९८० पर्यंत पाच लाखांवर बनल्यामुळे तिचं सामान आजही तिथे नव्याने तयार होतं. पार्सल आल्यावर आधी जुना आणि नवा शेजारी उभे करून नाकाची लांबी मोजली. पुलीची बैठक दोन-तीन मिलिमीटरने पुढे-मागे झाली तरी पट्टा तिरका चालतो आणि पंखा रेडिएटरच्या जाळीला भेटायला जातो.

बसवताना रेडिएटर काढावाच लागतो. त्याशिवाय हात जात नाही. डायनॅमोचा पुढचा वरचा बोल्ट पंपाच्या कानातूनच जातो, म्हणून तोही सैल करायचा. पंपाचे चार बोल्ट, त्यातला खालचा एक गंजलेला. त्याच्यावर जोर न लावता तेल, उष्णता आणि संध्याकाळभराची विश्रांती दिली. नवं गॅस्केट, दोन्ही बाजूंना सीलंटचा पातळ हात, बोल्ट १७ फूट-पौंडांवर, आडवे-तिडवे आवळत.

रेडिएटर बाहेर होता तेव्हा त्याची टाकी उघडून नळ्यांमधून पट्ट्या फिरवून घेतल्या. आणि ब्लॉकच्या उजव्या बाजूला, मागच्या टोकाकडे असलेली पाणी सोडण्याची तोटी उघडली. काहीच बाहेर आलं नाही. तारेने टोकरल्यावर आधी चिखल आला, मग चुन्याचे पापुद्रे, मग पाणी. चौथ्या सिलिंडरभोवती हा गाळ साचतो, कारण पाण्याचा जोर तिथे सगळ्यात कमी. रेडिएटर साफ करणारे ही तोटी बहुधा पाहतच नाहीत.

अँटीफ्रीझ घालायचं म्हटल्यावर आप्पा हसले. "इथे काय बर्फ पडतो?" पडत नाही. पण तेच रसायन गंज अडवतं आणि पाण्याचा उकळबिंदूही थोडा वर नेतो. या गाडीचं ७ पौंड (दर चौरस इंच) दाब धरणारं रेडिएटर झाकण नीट बसत असेल तर नुसत्या दाबाने पाणी शंभराऐवजी ११० अंशांच्या थोडं वर उकळतं. खानदेशच्या उन्हाळ्यात हे दहा-बारा अंशच आपली शिल्लक असतात. जुन्या झाकणाची स्प्रिंग मेलेली होती. एक भाग कूलंट, दोन भाग बॅटरीचं शुद्ध पाणी, हीटरचा कॉक उघडा ठेवून भरलं म्हणजे आत हवा कोंडत नाही. थर्मोस्टॅट पुन्हा घातला, गरम मुलखासाठीचा ७४ अंशांचा.

डिस्ट्रिब्युटरसाठी तीन वाटा होत्या. अॅम्बेसेडरचा बसवायचा, तर स्पार्क आधी पाडण्याचं गणित या इंजिनाचं राहत नाही. जुन्यालाच लेथवर नवे बुश घालायचे, तर दांड्यावर खोल चरे होते. म्हणून त्याच नंबरच्या मापाने पुन्हा बांधलेला २५डी४ आणला. पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. रोटरच्या बाबतीत हट्ट धरला: पितळी पट्टी रिबिटने ठोकलेला स्वस्त रोटर घ्यायचा नाही. त्या रिबिटमधून करंट खाली दांड्याकडे पळतो, आणि तोही गरम झाल्यावरच, म्हणजे पुन्हा तीच तक्रार.

खालचा दात मधोमध नसून एका बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर उलटा बसत नाही. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून, टेस्ट बल्बने पॉइंट नेमके कधी उघडतात ते पाहून टायमिंग १० अंश आधी ठेवलं. या गाडीत खूण पुलीच्या खालच्या बाजूला आहे, त्यामुळे पाठीवर झोपूनच हे करावं लागतं. नंतर व्हॅक्यूमची नळी काढून ६०० फेऱ्यांवर टायमिंग लाइटने १४ अंश मिळतात का पाहिलं. मिळाले. ओझ्याखाली थोडं नॉकिंग आलं, ते बाजूच्या खाचेदार नटाने जरासं मागे घेऊन घालवलं. ड्वेलचा काटा ६० वर स्थिर उभा राहिला, तेव्हा चाचांनी दुसरा चहा मागवला.

एक काम मागाहून लक्षात आलं. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रण इंजिन तापवतं. दोन्ही एसयूंचे जेटचे नट थोडे खाली फिरवून मिश्रण जाड केलं, आणि पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घातल्या.

घाटात पुन्हा

पाऊस पडण्याआधी चाचणी व्हायला हवी होती, नाहीतर काहीच सिद्ध झालं नसतं. दुपारच्या उन्हात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढलो. आप्पा गाडी चालवत होते, मी मांडीवर उष्णतामापक बंदूक घेऊन शेजारी. वर एका ट्रकमागे बराच वेळ पहिल्या गिअरमध्ये अडकलो तेव्हा काटा वर सरकला. रस्ता मोकळा झाल्यावर काही मिनिटांत खाली आला. मिसिंग एकदाही नाही. माथ्यावर रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या नळीत चांगला फरक होता, म्हणजे पाणी फिरत होतं आणि रेडिएटर ते निववत होता.

परत आल्यावर पट्टा पुन्हा पाहिला. नवा पट्टा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडा ढिला होतो, तो अर्ध्या इंचाच्या दाबावर परत आणला आणि ड्रायव्हरच्या हाताने दोनदा दाबून घेतला. जास्त पात्यांचा पंखा बसवायचा की नाही, हे आप्पांनी पुढच्या उन्हाळ्यावर ठेवलं आहे. जुना डिस्ट्रिब्युटर धुळ्याला चाचांकडे गेला आहे. ते त्याचा दांडा नव्याने कातून, बुश घालून जादा सामान म्हणून परत देणार आहेत.